शनिवारची कमाई वेगळी, रविवारची वेगळी

प्रश्न : ताई, नमस्कार. मार्चमध्ये माझा ले-ऑफ झाला. सध्या ईडीडीकडून (कॅलिफोर्नियाच्या रोजगार खात्याकडून) आठवड्याला ४५० डॉलर अनएम्प्लॉयमेंट (बेकारी भत्ता) मिळतं. गेल्या महिन्यापासून ओळखीच्या एका बाईंच्या कपड्यांच्या दुकानात शनिवारी पाच तास आणि रविवारी तीन तास जाते. तासाला २० डॉलर, पगार दोन आठवड्यांनी. सर्टिफाय करताना, म्हणजे भत्त्यासाठीचा फॉर्म भरताना, हे पैसे कधी दाखवायचे? काम केलं तेव्हा, की हातात आले तेव्हा? नवरा म्हणतो, दाखवलेस की तेवढेच कापून घेतील, मग वीकेंडला राबायचं कशाला? आणि दुकानवाल्या बाई म्हणतात, हवं तर रोख देते, कुठे लिहूच नकोस. – न. के., फ्रेमाँट

उत्तर : काम केलं त्या आठवड्यात दाखवायचे. पगार कधी होतो याच्याशी ईडीडीला देणंघेणं नाही. फॉर्मवरचा प्रश्न नीट वाचा. काम केलंत का किंवा पैसे कमावलेत का, एवढंच विचारून ते थांबत नाहीत. पैसे मिळालेले असोत वा नसोत, असंही पुढे लिहिलेलं असतं. घाईत नेमकी तीच शेपटी वाचायची राहते. आणि आकडा ग्रॉस लिहायचा, टॅक्स कापण्याआधीचा. बँकेत जमा झालेला नव्हे.

आता तुमच्या बाबतीतली खरी मेख. ईडीडीचा आठवडा रविवारी सुरू होतो आणि शनिवारी संपतो. म्हणजे तुम्ही ज्याला एक वीकेंड म्हणता, त्याचे त्यांच्या हिशेबी दोन तुकडे होतात. शनिवारचे पाच तास सरत्या आठवड्यात, रविवारचे तीन तास नव्या आठवड्यात. नेमाने जात असाल तर फरक दिसत नाही, कारण प्रत्येक आठवड्याच्या वाट्याला एक रविवार आणि एक शनिवार येतोच. आठ तास, १६० डॉलर. पण सुरुवातीच्या आठवड्यात, पहिल्यांदा शनिवारी गेला असाल तर, फक्त शनिवारचे १०० डॉलर लिहायला हवेत. काम सोडाल त्या रविवारी उलटं, फक्त ६०. पे-स्टबवर (पगाराच्या पावतीवर) दोन आठवड्यांची एकच रक्कम छापलेली असते, ती दोनाने भागून मोकळं होऊ नका. घरच्या कॅलेंडरवर त्या त्या दिवसाच्या चौकोनात तास लिहीत जा. फॉर्ममध्ये तासही विचारतात, शिवाय मालकाचं नाव, पत्ता आणि काम चालू आहे की संपलं हेही.

तुमच्या यजमानांचा प्रश्न चुकीचा नाही, हिशेब मात्र अर्धवट आहे. कॅलिफोर्नियात आठवड्याची कमाई १०० डॉलरपर्यंत असेल तर पहिले २५ डॉलर धरत नाहीत. त्याहून जास्त असेल तर कमाईचा पाव हिस्सा सोडून देतात. तुमच्या १६० मधले ४० सोडले, राहिले १२०. तेवढे ४५० मधून वजा, ईडीडीकडून ३३०. त्यात दुकानाचे १६० मिळवा, झाले ४९०. घरी बसून ४५० आणि आठ तास उभं राहून ४९०, यात काय मिळवलं, असं यजमान म्हणतील. त्यांना पुढचं सांगा. कापलेले १२० कुठे जात नाहीत, तुमच्या क्लेमच्या शिलकीतच राहतात. क्लेमला एकूण रकमेची मर्यादा असते, जास्तीत जास्त आठवड्याच्या रकमेच्या २६ पट; तुमच्या बाबतीत फार तर ११,७०० डॉलर. आठवड्याला कमी उचललेत तर ती पुरवून जास्त आठवडे खाता येते, फक्त क्लेमचं वर्ष संपायच्या आत. नोकऱ्यांचा बाजार सध्या आहे तसा असताना मला तरी ही शिल्लक मोलाची वाटते. एका आठवड्यात ६०० डॉलर किंवा जास्त मिळवलेत, तर मात्र त्या आठवड्याचं काही मिळणार नाही.

राहिल्या दुकानवाल्या बाई. त्यांना नमस्कार सांगा आणि रोख नको म्हणा. रोख मिळालेली कमाईसुद्धा कमाईच, ती लिहावीच लागते. मी छोट्या धंद्यांची पेरोलची कामं करते, त्यामुळे टेबलाच्या पलीकडचं सांगते. नवा माणूस कामावर घेतला की मालकाला २० दिवसांत सरकारला कळवावं लागतं. दर तिमाहीला प्रत्येकाचं नाव, सोशल सिक्युरिटी नंबर आणि पगार ईडीडीकडे जातो. त्यांचा कॉम्प्युटर ही यादी आणि बेनिफिट घेणाऱ्यांची यादी शेजारी शेजारी ठेवतो. नाव दोन्हीकडे सापडलं की मालकाकडे ऑडिटचा फॉर्म येतो. अमुक आठवड्यांत या व्यक्तीने किती कमावलं, आठवड्यागणिक भरा. मी भरलेत असे फॉर्म. समोर टाइमशीट असते, त्यातून जे निघेल ते लिहायचं. तिथे ओळखदेख चालत नाही. आणि रोख देऊन बाई कागदावर काहीच दाखवत नसतील, तर दुकानात शिडीवरून पडलात त्या दिवशी तुम्ही तिथे कामाला होतात हे सिद्ध करत बसावं लागेल.

प्रश्न : मी किराणा दुकानात पार्टटाइम लागलो. पहिला चेक आला की दाखवू म्हणून दोन आठवडे ‘काम केलं नाही’ असं सर्टिफाय केलं. आता काय? – रा. ज., सॅन होजे

उत्तर : आजच कळवा. ऑनलाइन खात्यातून मेसेज पाठवा. दोन्ही आठवड्यांच्या तारखा, तास, ग्रॉस कमाई आणि गैरसमज काय झाला, एवढं सरळ लिहा. जादा मिळालेली रक्कम परत करावी लागेल. तुम्ही फसवलंत असं ठरलं नाही तर त्यावर दंड नसतो. फसवणूक ठरली तर ३० टक्के दंड, वर ५ ते २३ आठवड्यांचे बेनिफिट बंद. वसुलीतही फरक आहे. साधी चूक असेल तर पुढच्या प्रत्येक हप्त्यातून २५ टक्के कापतात, फसवणूक असेल तर अख्खा हप्ता जातो. स्वतःहून कळवणं आणि ऑडिटमध्ये सापडणं, दोन्हींत रक्कम तीच असली तरी तुमच्याकडे बघण्याची नजर बदलते. नोटीस आली आणि पटली नाही, तर तिच्यावरच्या तारखेपासून ३० दिवसांत अपील करता येतं. पाकीट न फोडता ड्रॉवरमध्ये टाकणारे बरेच आहेत, म्हणून हे सांगितलं.

प्रश्न : न्यू जर्सीतली माझी बहीण म्हणते, तिकडे पाव हिस्सा वगैरे काही नाही. खरं काय? – मे. सा., प्लेझंटन

उत्तर : दोघीही बरोबर. अनएम्प्लॉयमेंट ही केंद्राची आणि राज्यांची मिळून चालणारी योजना, १९३५ च्या कायद्यापासूनची. हिशेबाची पद्धत राज्यागणिक वेगळी. न्यू जर्सीत आठवड्याच्या रकमेत आधी २० टक्के मिळवतात आणि मग कमाई वजा करतात. बहिणीचे ६०० असतील आणि तिने १६० कमावले तर ७२० वजा १६०, म्हणजे ५६०. न्यूयॉर्कात तर तास मोजतात. आठवड्याला १० तासांपर्यंत कपात नाही, अर्थात कमाई त्यांच्या ठरावीक मर्यादेत असेल तर. व्हॉट्सॲपवर फिरणारे तक्ते बघताना राज्य कुठलं ते आधी बघा.

प्रश्न : मी एच-४ ईएडीवर (एच-१बीवर असलेल्याच्या जोडीदाराला मिळणाऱ्या कामाच्या परवान्यावर) नोकरी करत होते, ले-ऑफ झाला. आमचं ग्रीन कार्ड प्रलंबित आहे. अनएम्प्लॉयमेंट घेतलं तर ‘सरकारवर भार’ म्हणून शिक्का बसेल का? – द. पा., सनीव्हेल

उत्तर : नाही. हा विमा आहे, तुम्ही नोकरी करून मिळवलेला, आणि पब्लिक चार्ज (तुम्ही म्हणता तो ‘सरकारवर भार’) ठरवताना तो धरत नाहीत. कॅलिफोर्नियात त्याचा हप्ता मालक भरतो. तुमच्या पे-स्टबवर एसडीआय म्हणून जे कापलेलं दिसतं, ते आजारपणासाठीचं, याचं नव्हे. मात्र ज्या आठवड्याचं बेनिफिट मागता त्या आठवड्यात तुम्हाला काम करायची परवानगी असायला हवी, तेव्हा ईएडी कार्डावरची तारीख बघून ठेवा. आणि क्लेम भरताना फेडरल टॅक्ससाठी १० टक्के कापू का, असं विचारतील, तिथे ‘हो’ म्हणा. कॅलिफोर्निया यावर राज्याचा टॅक्स घेत नाही, पण फेडरल लागतो, आणि जानेवारीत १०९९-जी (वर्षभरात मिळालेल्या बेनिफिटचा टॅक्ससाठीचा कागद) हातात पडल्यावर एकदम पैसे काढणं जड जातं.