मर्यादवेलीचा काढा घ्यावा का?

प्रश्न : गुहागरला आमच्या घरामागे पुळणीवर जांभळट गुलाबी फुलांची वेल पसरलीय. आजी तिची पानं गरम करून गुडघ्याला बांधायची. आता व्हॉट्सअ‍ॅपवर आलंय की काढा प्यायला तर संधिवात जातो. प्यावा का? आणि किनारा साफ करताना ही वेल उपटतायत, ते बरोबर आहे का?

उत्तर : ताई, ही मर्यादवेल. पान आपट्यासारखं दोन भागांत दुभंगलेलं, जाडसर, देठ तोडला की पांढरा चीक येतो, आणि सकाळी उमललेलं फूल दुपारपर्यंत मिटतं, या खुणा जुळवून बघा. बेशरमचं फूल बरंचसं असंच दिसतं पण ती झुडूप होऊन उभी वाढते, पान लांबट बदामी असतं आणि ती विषारी आहे, शेळ्या खाऊन मरतात, त्यामुळे ओळख पटल्याशिवाय पानाला हात लावू नका.

आजी करायची ते करा, पानं तव्यावर शेकून थोडं तेल लावून बांधा, शेकाचा आराम नक्की मिळतो, फक्त आधी मनगटावर लावून बघा आणि जखमेवर बांधू नका. काढा मात्र नको म्हणजे नकोच! या कुळातल्या बऱ्याच वेलींच्या बियांत आणि मुळांत जोरदार रेचक राळ असते, काळादाण्याचा, म्हणजे याच कुळातल्या एका वेलीच्या बियांचा, जुलाब ज्याने घेतलाय त्याला विचारा. गरोदर बाईने तर अजिबात नाही.

थायलंडमध्ये जेलीफिश डसल्यावर या पानांचा रस लावतात आणि तिथल्या संशोधकांनी पानांचा अर्क जेलीफिशच्या विषावर लॅबमध्ये तपासलाय, परिणाम दिसलाही. पण पावसाळ्यात आपल्याकडे ब्लू बॉटल, म्हणजे जेलीफिशसारखे डसणारे निळे समुद्री जीव, लागतात तेव्हा पाला शोधत बसू नका. चोळायचं नाही, तंतू चिमट्याने काढायचे, समुद्राच्याच पाण्याने धुवायचं, मग सोसेल इतक्या गरम पाण्यात वीसेक मिनिटं ठेवायचं, आणि श्वास लागला किंवा छातीत दुखलं तर सरळ दवाखाना.

आता उपटण्याचं. हे वाचून मला खरंच वाईट वाटलं. ही वेल पेरापेराला मुळं धरत भरतीच्या रेषेपर्यंत जाते, वाऱ्याने उडणारी वाळू तिच्यात अडकते आणि तिथेच टेकाड तयार होतं, उधाणाचा पहिला मार तेच खातं. प्लास्टिक उचला, वेल ठेवा, हे ग्रामपंचायतीत जाऊन स्पष्ट सांगा. जिथे उपटलीय तिथे पावसाच्या सुरुवातीला हातभर लांबीचे तुकडे घ्या, दोन-तीन पेरं वाळूखाली जातील असे आडवे गाडा आणि गुरं तुडवणार नाहीत एवढं बघा.