कयाक घ्या भाऊ, पण आधी कपाटातली ती पॉलिसी बाहेर काढा

नागपूरच्या मानेवाड्याहून एका भाऊंचं पत्र आलंय. वय ४१, बुटीबोरीला नोकरी, हातात ७८ हजार येतात, वहिनी घरी ट्यूशन घेतात त्याचे १२ हजार. मुलगा १३ चा, मुलगी ९ ची, घराचं कर्ज २४ लाख बाकी. लहानपणी मामासोबत गळ घेऊन तलावावर जायचे, तेच आता पोरांसोबत करायचंय, म्हणून दोन कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायच्या छोट्या अरुंद होड्या, घ्यायच्यात, रॉड अडकवायची सोय असलेल्या, आणि रविवारी चौघांनी कधी खिंडसी, कधी मोहगाव झिल्पी, जमलं तर तोतलाडोह. कोटेशन १ लाख ८५ हजार, त्यात चार लाइफ जॅकेट आणि गाडीच्या टपावरचं कॅरिअर धरून. प्रश्न एवढाच की पर्सनल लोन घेऊ (१४ टक्के, ३ वर्षं) की आईची २ लाखांची एफडी मोडू, आणि कयाक तासाला ५०० रुपये भाड्याने दिली तर ईएमआय सुटेल ना?

दोन्ही नको. लोनचा हप्ता ६,३०० च्या आसपास बसतो, तीन वर्षांत ४२-४३ हजार नुसतं व्याज, आणि आईची एफडी आईची आहे, तिच्या व्याजातून त्यांची औषधं येतात हे तुम्हीच लिहिलंय, मग ती मोडायचा विचार मनात आलाच काहून?

भाड्याचं तर पार डोक्यातून काढा. महिन्याला १३ तास दिली की हप्ता निघतो, कागदावर बरोबर आहे. पण जून ते सप्टेंबर पाऊस, एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे ४५ डिग्री, राहिले सहा महिने, आणि त्यातले रविवार तर तुम्हाला स्वतःला पाहिजेत. शिवाय पैसे घेऊन लोकांना पाण्यात उतरवणं हा धंदा झाला, त्याला परवानगी लागते, आणि कोणाचं पोरगं पडलं तर जबाबदार तुम्ही.

पण मी हे पत्र तीनदा वाचलं ते कयाकसाठी नाही, मधल्या एका ओळीसाठी. तुम्ही लिहिलंय, "फॅमिलीच्या सिक्युरिटीचं टेन्शन नाही, बँकेतून पॉलिसी घेतली आहे, वर्षाला १ लाख २० हजार, ३ वर्षं झाली, १५ वर्षं भरायचे, २० व्या वर्षी ३३ लाख गॅरंटीड, मुलांच्या शिक्षणाला होईल." आणि ही घेतली का, तर लॉकर मागायला गेलात तेव्हा तिथल्या साहेबांनी सांगितलं की पॉलिसी घेतल्याशिवाय लॉकर मिळत नाही. असा नियम कुठेच नाही हो! लॉकरच्या भाड्यापुरती एफडी बँक मागू शकते, पॉलिसी गळ्यात मारू शकत नाही. माझ्याकडे येणाऱ्या दर पाच-सहा घरांमागे एका घरात अशी लॉकरवाली पॉलिसी निघते आणि दरवेळी तेवढाच राग येतो.

आता जरा पोरांची वयं मांडा. पॉलिसीला अजून १७ वर्षं आहेत, म्हणजे पैसे हातात येतील तेव्हा मुलगा ३० चा असेल आणि मुलगी २६ ची. कोणतं शिक्षण? मुलाची बारावी पाच वर्षांवर आलीय. तेव्हा फी भरायला ही पॉलिसी एक रुपया देणार नाही, उलट त्याही वर्षी तुमच्याकडून १ लाख २० हजार घेईल. आणि १८ लाख भरून ३३ लाख, जवळपास दुप्पट, हे ऐकायला गोड वाटतं, पण वीस वर्षांच्या हिशोबाने ते वर्षाला पावणेपाच टक्केसुद्धा नाही. हेच पैसे पीपीएफमध्ये असेच १५ वर्षं भरून पुढची ५ वर्षं तसेच ठेवले असते आणि आजचा ७.१ टक्के दर टिकला असता तर ४५-४६ लाख झाले असते.

तरी परतावा कमी आहे हे मी एक वेळ सोडून देईन. मला झोप लागू देत नाही ते कव्हर, म्हणजे तुम्हाला काही झालं तर घरच्यांना मिळणारी रक्कम. हप्त्याच्या दहापट, म्हणजे १२ लाख. भाऊ, तुमचं घराचं कर्जच २४ लाख आहे. उद्या काही झालं तर वहिनींच्या हातात अर्धं कर्ज फेडण्याइतके पैसे, दोन शाळकरी पोरं आणि ट्यूशनचे १२ हजार. गेल्या वर्षी एक ताई आल्या होत्या माझ्याकडे, मिस्टर ४४ चे असताना अटॅकने गेले, प्लॅस्टिकच्या पिशवीत तीन पॉलिस्या घेऊन आल्या, तिन्ही वेगवेगळ्या लोकांनी विकलेल्या, तिन्ही वेळेवर भरलेल्या. सगळ्या मिळून १४ लाख. त्यांनी मला विचारलं, घर ठेवता येईल का? मी कॅल्क्युलेटरवर परत परत तेच आकडे दाबत होतो, ताईंकडे बघवत नव्हतं.

तुम्हाला किती पाहिजे? कर्ज २४, घरखर्च महिन्याला ४० हजार धरून १५ वर्षांचे ७२, पोरांच्या शिक्षणाला २५, झाले १ कोटी २१. सव्वा कोटीचा साधा टर्म प्लॅन घ्या, म्हणजे माणूस गेला तरच घरच्यांना पैसे देणारा विमा, वयाच्या ६० पर्यंत, शेवटी पैसे परतवाला नाही, अगदी साधा. तंबाखू न खाणाऱ्याला तुमच्या वयाला वर्षाला २०-२५ हजाराच्या घरात यायला पाहिजे, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक लाइफ आणि हेल्थ पॉलिसीवर जीएसटीही नाही. तुम्ही लिहिलंय की चार महिने झाले खर्रा, ती तंबाखू-सुपारी, सोडून, रोजचे ८० रुपये वाचतात. खूप मोठं काम केलंत, मनापासून सांगतो. वर्षाचे २९ हजार होतात ते, म्हणजे टर्मचा बराचसा हप्ता तिथूनच निघाला. फक्त फॉर्मवर तंबाखूचा प्रश्न येईल तिथे खर्रा खायचो आणि कधी सोडला ते खरं लिहा. हप्ता वाढला तरी चालेल, थोडे पैसे वाचवायला लपवलं आणि क्लेम अडकला तर भांडायला तुम्ही नसाल, वहिनी असतील.

टर्म प्लॅन हातात येईपर्यंत जुनी पॉलिसी बंद करू नका. तो आला की कंपनीला लेखी विचारा, आज सरेंडर केली, म्हणजे मोडली, तर किती आणि पेड-अप केली, म्हणजे हप्ते थांबवून तशीच ठेवली, तर शेवटी किती. ३ लाख ६० हजार भरलेत, त्यातले बरेच जातील, ते ऐकून पोटात गोळा येईल आणि बँकेतले साहेब म्हणतील की आता सोडलं तर नुकसान. पण अजून १४ लाख ४० हजार भरायचेत, तुमचा निर्णय त्या पैशांचा आहे. तेच महिन्याचे १० हजार पोस्टाच्या आरडीत, म्हणजे दर महिन्याला भरायच्या ठेवीत, टाकले तर सध्याच्या ६.७ टक्क्याने पाच वर्षांत ७ लाखाच्या वर होतात, बरोबर मुलाच्या ॲडमिशनच्या वेळेला. आरडी संपली की मुलीसाठी चार वर्षं तसंच चालू ठेवा.

हो, आणि कंपनीचा ३ लाखाचा मेडिक्लेम नोकरीबरोबर जातो, स्वतःचा १० लाखाचा फॅमिली फ्लोटर, म्हणजे सगळ्या घराला मिळून एकच मेडिक्लेम, यंदाच घ्या.

आता कयाक. मला ती नको म्हणायचंच नाहीये. मी स्वतः पोराला घेऊन खिंडसीला बसतो, कणकेत ढेप मळून गोळी लावायची, तास तास काही होत नाही आणि मग रोहू ओढते तेव्हा रीळचा जो कर्रर्र आवाज येतो त्याने पोरगं जागच्या जागी उडतं. रविवारी मोबाइल सोडून पोरं बापाजवळ बसतायत याला मी खर्चाच्या खात्यात टाकणार नाही. पण दोन एकदम कशाला? दिवाळीला ४० हजार बोनस येतो म्हणता, त्यात एक दोन सीटची घ्या, हवा भरायची किंवा सेकंडहँड, कॅरिअरचाही खर्च वाचेल. दोघं पाण्यात, दोघं काठावर रॉड घेऊन, मग अदलाबदल. एक हिवाळा खरंच दर रविवारी गेलात तर पुढच्या बोनसला दुसरी.

तोतलाडोह मात्र यादीतून काढा, ते पेंच व्याघ्र प्रकल्पात येतं, तिथे मासेमारी बंद आहे. बाकी बहुतेक तलावांवर मासेमारीचा ठेका ढिवर बांधवांच्या सहकारी संस्थेकडे असतो, तेव्हा आधी त्यांना भेटा, होडी उतरवायची तर जलसंपदा खात्यालाही विचारा. संस्थेच्या माणसांशी ओळख झाली की जाळी कुठे लावलीत, खोल कुठे आहे, वारा कधी सुटतो हे सगळं तेच सांगतात, डोंग्यात जन्म गेलाय त्यांचा.

आणि कोटेशनमधली चारही लाइफ जॅकेट एकाच साइजची दिसतायत. मुलीचं वजन करून तिचं वेगळं घ्या, पायामधून पट्टा असलेलं. मोठ्यांचं घातलं तर पाण्यात पडल्यावर जॅकेट वर सरकून तोंडावर येतं आणि पोरगी त्यातून खाली निसटते.