रंग बदलला म्हणजे बियाणंच बिघडलं का? तुमच्या प्रश्नांची उत्तरं

या वेळी बहुतेक पत्रं रंगाबद्दलचीच आलीत, म्हणून सगळी एकत्रच घेतो.

प्रश्न (चोपडा): टोमॅटोच्या प्लॉटमध्ये एक झाड असं निघालं की फळं पूर्ण वाढली पण लाल झालीच नाहीत, फिकट पिवळीच राहिली. पाकीट तेच, खत तेच. असं कसं?

भाऊ, आजूबाजूची झाडं लाल झाली म्हणजे खताचा दोष नाही. बियाण्यात भेसळ असू शकते, जीनमध्ये, म्हणजे गुण ठरवणाऱ्या डीएनएच्या तुकड्यात, साधा बदल झालेला असू शकतो, पण तिसरी एक शक्यता आहे जी आपल्याकडे कुणी बोलतच नाही. कोठीत धान्य भरलेलं आहे पण दाराला कुलूप लागलंय, असं समजा. जीन जसाच्या तसा असतो, एक अक्षर बदललेलं नसतं, फक्त त्याच्यावर मिथाइल नावाचे बारीक रासायनिक गट येऊन बसतात आणि तो जीन वाचलाच जात नाही. यालाच एपिजेनेटिक बदल म्हणतात. टोमॅटोत याचं गाजलेलं उदाहरण आहे, सीएनआर नावाचं झाड, त्याची फळं तुमच्यासारखीच बेरंग राहतात, आणि 2006 मध्ये इंग्लंडच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की डीएनए तोच आहे पण पिकण्याशी संबंधित एका जीनच्या सुरुवातीलाच मिथाइलचा थर जमलाय. पुढे 2013 मध्ये तर मिथाइल काढणारं औषध कच्च्या हिरव्या टोमॅटोत टोचून बघितलं, तर बी तयार व्हायच्या आधीच फळ लाल व्हायला लागलं! म्हणजे टोमॅटो पिकतो तेव्हा ही कुलपं एकेक करून उघडत जातात. मात्र नंतर सीएनआरचा तो जीनच कापून काढला तेव्हा फळं फार काही बिघडली नाहीत, म्हणून सगळा भार त्या एकाच कुलपावर टाकता येणार नाही. तुमच्या झाडात नेमकं काय झालंय ते लॅबशिवाय कळायचं नाही, पण ते झाड उपटून टाकू नका, फळं पूर्ण पिकू द्या आणि बी काढून ठेवा.

प्रश्न (रावेर): टिश्यूकल्चरची केळी लावली, त्यात आठ-दहा रोपं वेगळीच निघाली, पानांवर पांढरे पट्टे, वाढ खुंटलेली. आणि उन्हाळ्यात पिकवलेली केळी आतून पिकली तरी वरून हिरवीच राहतात, तेही हेच का?

ताई, दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत. बाटलीत रोपं पुन्हापुन्हा वाढवताना काही पेशींमधली मिथाइलची मांडणी विस्कटते, काहींमध्ये डीएनएच बदलतो, त्यातून अशी रोपं निघतात. तेलमाडाच्या टिश्यूकल्चर रोपांत फळं विद्रूप व्हायची, त्याचं मूळ एका उड्या मारणाऱ्या जीनवरचं, म्हणजे डीएनएत आपली जागा बदलू शकणाऱ्या तुकड्यावरचं, मिथाइल निघून गेल्यात आहे हे 2015 मध्ये सापडलं. अशी रोपं लहान असतानाच काढून टाका आणि त्यांचे पिल बियाण्याला अजिबात धरू नका. हिरव्या सालीचं कारण मात्र निव्वळ उष्णता. आपली केळी साधारण 24 अंशांच्या वर पिकली तर गर मऊ होतो पण सालीतलं हरितद्रव्य नीट तुटत नाही, आणि मे महिन्यात आपल्याकडे 44-45 तर रोजचंच. रायपनिंग चेंबर 16 ते 18 अंशांवर ठेवा, रंग येईल.

प्रश्न (धुळे): अंगणातल्या गुलबक्षीच्या एकाच झाडावर पिवळी, राणी आणि दोन्ही रंगांच्या शिंतोड्यांची फुलं येतात. कुणी म्हणतं कलम आहे.

कलम नाही. संध्याकाळी फुलं उमलली की एक फूल हातात घेऊन नीट बघा, कुठे अख्खी पाकळी रंगलेली, कुठे केसाएवढी रेघ. रंगाच्या जीनमध्ये एक उडी मारणारा तुकडा अडकलेला असतो, फूल घडताना तो लवकर निघाला तर पट्टा रुंद, उशिरा निघाला तर नुसता ठिपका. वनस्पती अशा तुकड्यांना एरवी मिथाइल लावूनच गप्प बसवतात.

प्रश्न (अमळनेर): कपाशीचं फूल आज पांढरट, उद्या गुलाबी. रोग आहे का?

नाही. ते फुलाचं रोजचं चक्र आहे, फवारणी करू नका.

प्रश्न (नंदुरबार): असा बदललेला रंग पुढच्या पिढीत जातो का?

कधी जातो, कधी नाही, आणि मला या विषयाचं वेड लागलं ते याच्यामुळेच. अमेरिकेत ब्रिंक यांनी 1956 मध्ये मक्यात दाखवलं की दाण्याच्या रंगाच्या जीनच्या दोन प्रती एका झाडात एकत्र आल्या तर एक दुसरीला दाबते, आणि दबलेली प्रत पुढच्या पिढीत वेगळी झाली तरी रंग फिकटच देते. उलट जर्मनीत 1990 मध्ये मक्याचा रंगाचा जीन घातलेली जवळपास 30,000 पेटुनियाची झाडं शेतात लावली होती, विटकरी फुलं छान आली, पण हंगाम पुढे सरकला तशी त्याच झाडांवर फिकट फुलं यायला लागली, जीनवर मिथाइल चढलं होतं. पिढी बदलायचीही गरज पडली नाही. म्हणून वेगळ्या रंगाच्या झाडाला आत्ताच लाल दोरा बांधा, फुलावर पिशवी चढवा म्हणजे परका पराग बसणार नाही, बी वेगळ्या डबीत ठेवा, आणि पुढच्या हंगामात नेहमीच्या बियाण्याशेजारी त्याच वाफ्यात पेरा. दोन पिढ्या तोच रंग आला तर मला नक्की कळवा.