आधी ताडपत्री काढा, सोड्याचं नंतर बघू

भाऊ, तुमची पोस्ट रात्री वाचली आणि झोपच उडाली. नागपूरच्या महाल भागातला जुना वाडा, एप्रिलमध्ये कूलरच्या वायरीनं पेट घेतला, माडी जळाली, वरून बंबाचं पाणी, मग पाऊस. आता ताडपत्रीखाली कोळसा झालेल्या सागवानी तुळयांवर पांढरी-हिरवी बुरशी. ते साफ करायला ठेकेदार म्हणतो दाबाच्या हवेनं वाळू मारू, भाचा म्हणतो सोडा ब्लास्टिंग करा, म्हणजे वाळूऐवजी खायच्या सोड्याचा मारा, आणि विम्यावाले म्हणून राहिले की पाहणी होईस्तोवर हात लावू नका. गल्लीचं नाव बदललं तर ही आमचीच गोष्ट. आमचं घर इतवारीत, सहा वर्षांपूर्वीचा मे महिना.

मी इंजिनिअर नाही, कापडाचं दुकान चालवतो. तेवढं धरूनच वाचा.

सोडा चालतो. सोड्याचा कण साधारण नखाइतकाच कडक असतो, वाळूचा काचेवर ओरखडा काढतो. वाळूनं सागाच्या रेषांमधला मऊ भाग खाल्ला जातो आणि तुळई धुणं धुवायच्या फळीसारखी होते. शिवाय त्या धुळीनं फुफ्फुसं जातात. १९८० च्या दशकात न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याची दुरुस्ती झाली, तेव्हा आतल्या तांब्यावरचा डांबराचा थर याच सोड्यानं काढला होता. म्हणजे प्रकार काही कालचा नाही. काजळी, कोळसा, वरची बुरशी निघते आणि जळका वासही बराच जातो, कारण वास त्या कोळशातच बसलेला असतो.

पण माझं नुकसान सोड्यानं केलं नाही आणि खरं म्हणजे आगीनंही नाही. ते केलं ‘हात लावू नका’ या तीन शब्दांनी.

आग विझल्याच्या दुसऱ्याच दिवशी मी विम्याच्या कार्यालयात गेलो. खिडकीतल्या साहेबांनी मान वर न करता सांगितलं, सर्व्हेअर येईपर्यंत काही हलवायचं नाही. मी आपला आज्ञाधारक. पाऊस तोंडावर होता म्हणून सगळी माडी ताडपत्रीत गुंडाळून टाकली, अगदी चारी बाजूंनी दोऱ्या आवळून. सर्व्हेअर आला बेचाळीस दिवसांनी. तोवर मृग होऊन गेला होता, बंबाचं पाणी आत आणि वरून नागपूरची उमस, ताडपत्रीखाली अक्षरशः इडलीपात्र झालं होतं. दोऱ्या सोडल्या तर तुळयांना बोटभर लव. पुढे दाव्याच्या कागदावर शेरा आला: बुरशी हे आगीचं नुकसान नाही, ती हळूहळू झालेली झीज आहे, ती धरता येणार नाही. ज्यांनी हलवू नका म्हटलं त्यांनीच! फोनवर विचारलं तर म्हणे, तसं लेखी दिलं होतं का? नव्हतं. पाच फेऱ्या मारल्या, दर वेळी वेगळं टेबल. आजही त्या रस्त्यानं जाताना मी मान वळवून घेतो.

नंतर एका वकील ग्राहकानं पॉलिसी वाचून दाखवली. नुकसान वाढू नये म्हणून वाजवी काळजी घेणं ही आपलीच जबाबदारी, असं त्यातच छापलेलं होतं. तुमच्या पॉलिसीत काय आहे ते तुम्ही बघा, मी कायद्याचा माणूस नाही. पण मी तुमच्या जागी असतो तर आजच ईमेल टाकला असता: अमुक तारखेपासून आम्ही भाग उघडून वाळवायला घेतोय, फोटो सोबत आहेत, जळके तुकडे बाजूला जपून ठेवले आहेत, त्याआधी यायचं तर या. आणि वाट न पाहता उघडलं असतं. ताडपत्री कवेलूंच्या वर, उतार देऊन, छताला हवी. लाकडाला गुंडाळायची नाही, खालून वारा खेळला पाहिजे. कूलर लावू नका, नुसते पंखे. (हसू नका, आमच्या भावानं कूलर लावला होता.)

आता पावसात ब्लास्टिंगच्या नादी लागू नका. ओल्या लाकडावर सोडा मारला तर बुरशी दिसायची थांबते, एवढंच. लाकडातली ओल वजनाच्या २० टक्क्यांखाली गेली नाही तर ती परत येतेच. दमट हवेत सोड्याचे गठ्ठे होऊन नोझल तुंबतं ते वेगळंच. आम्ही दिवाळीनंतर केलं, ओल मोजायचं मीटर १३-१४ टक्के दाखवू लागल्यावर.

त्याआधी टेकू लावून तुळयांची टोकं तपासा. मधला भाग भयानक दिसतो पण बहुतेक वेळा ठीक असतो. भिंतीत घुसलेलं टोक ओल धरून बसतं आणि तिथं कोणी बघत नाही. पेचकस टोचा, हातोडीनं वाजवा. बद्द आवाज आला की टोक आतून सडलंय समजायचं. आमची दोन टोकं अशीच गेली होती, बेचाळीस दिवसांची कृपा. लकडगंजात जुना साग शोधून जोड दिला.

आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला एकदा दाखवाच, कारण साफ झालेली तुळई फार फसवी दिसते. समजा तुळई १५० बाय २०० मिलिमीटरची आहे आणि खालून व दोन्ही बाजूंनी १५-१५ मिलिमीटर जळून गेलं. वाकण्याविरुद्धची ताकद रुंदीच्या पटीत आणि उंचीच्या वर्गाच्या पटीत असते, म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा गेला. मला हे माझ्या मुलीनं वहीत करून दाखवलं, ठेकेदारानं नाही.

सोडा घेताना खायचाच सोडा घ्या, ब्लास्टिंगसाठी जाड दाण्याचा मिळतो तो. धुण्याचा सोडा कोणी खपवला तर साग काळपट पडेल. गोण्या टिनाच्या शेडखाली उन्हात ठेवू नका. साधारण ५० अंशांच्या वर खायचा सोडाही हळूहळू धुण्याच्या सोड्यात बदलायला लागतो, आणि आपल्याकडच्या टिनाखालचा मे तुम्हाला सांगायला नको. एकदा मारलेला सोडा परत वापरता येत नाही, त्या हिशोबानं गोण्या मोजा. हिंगण्याच्या एमआयडीसीत ब्लास्टिंगवाले आहेत, पण त्यांना लोखंडाची सवय. कमी दाबानं कोपऱ्यातल्या एका लाकडी कडीवर करून दाखवायला सांगा, मगच पुढे. आत खोलवर गेलेले निळे-काळे डाग निघत नाहीत, त्यांच्यामागे लागून चांगलं लाकूड खरवडू नका.

जुना ऑइलपेंट असेल तर त्यात शिसं असू शकतं (रंगातल्या शिशाला ९० पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांची, मर्यादा २०१७ पासून लागू झाली). रुमाल बांधून काम करू देऊ नका, फिल्टरचा मास्क घ्या. लहान मुलं दुसरीकडे पाठवा. अंगणातली झाडं झाका. आमची तुळस आणि कढीपत्ता दोन्ही सोड्यानं गेले, आई महिनाभर माझ्याशी धड बोलली नाही.

पॉलिशची घाई मात्र नको. फटीत राहिलेल्या सोड्यावर पॉलिश धरत नाही, फुगून पापुद्रे निघतात. आधी सगळं व्हॅक्यूमनं ओढा, मग पाण्यात पातळ केलेल्या पांढऱ्या व्हिनेगरच्या फडक्यानं पुसा. ओतू नका, पुसा. जिथं फसफसलं तिथं अजून सोडा आहे. नंतर पुन्हा वाळू द्या.

माझं ओल मोजायचं मीटर कपाटात पडून आहे, संध्याकाळी सातनंतर दुकानातून घेऊन जा, पत्ता निरोपात टाकतो. वाचन ब्लास्टिंगच्या आधी घ्या. सोड्याचा क्षार लागला की ते कोरड्या लाकडालाही ओलं म्हणतं, आम्ही त्यात आठ दिवस उगाच पंखे चालवले.