पिशवीआधी स्नायूचं विचारा

ताई, तुमच्या बाबांना सकाळचा घास दुपारी जसाच्या तसा तोंडात येतो, रात्री ठसके लागतात, आणि थायरॉइडच्या सोनोग्राफीत मानेत अन्ननलिकेची पिशवी (आतलं अस्तर बाहेर फुगून झालेली, अन्न साचणारी) निघाली, हे वाचलं आणि माझ्या आईचं दीड वर्ष डोळ्यांपुढे आलं. मी डॉक्टर नाही, हा फक्त आमचा अनुभव.

आमची सगळ्यात महाग पडलेली चूक एका शब्दाची होती. प्रत्येक वेळी मी 'उलटी होते' असंच सांगत राहिले. एका दवाखान्यात त्यावर आम्लपित्ताच्या गोळ्या सुरू झाल्या, मग डोस वाढला, वर्ष गेलं. बाहेर येतं ते आंबट लागतं का, हे तिथे कुणी विचारलं नाही आणि मलाही सुचलं नाही. एका सकाळी आईच्या उशीवर आदल्या रात्रीची रक्तदाबाची गोळी सापडली. कडा विरघळलेल्या, बाकी शाबूत. ती पोटापर्यंत पोचलीच नव्हती. तोवर दोनदा न्यूमोनिया होऊन गेला होता, कारण पिशवीत साचलेलं झोपेत श्वासनलिकेत उतरत होतं. तेव्हा गेलेली ताकद पुढे शस्त्रक्रिया होऊनही पुरती परत आली नाही. मला अजून राग येतो. म्हणून सांगते, 'न पचलेलं, आंबट नसलेलं, काही तासांनी परत येतं' असं लिहूनच न्या.

बेरियम (एक्स-रेत उठून दिसणारं द्रव) गिळतानाचा एक्स-रे झाला नसेल तर आधी तो करून घ्या. पिशवी माहीत नसताना दुर्बीण घातली तर ती पिशवीत शिरून भोक पडू शकतं.

तुम्ही विचारलंय, पिशवी कापली की संपलं का? माझ्या मते नाही. घशाच्या खालच्या टोकाला एक आडवा स्नायू असतो, क्रिकोफॅरिंजियस. गिळताना तो पुरेसा सैल पडत नाही, वर दाब वाढतो आणि लगतच्या कमकुवत जागेतून आतलं अस्तर बाहेर फुगतं. स्नायू तसाच ठेवून नुसती पिशवी काढली तर दाब कायम राहतो. टाके गळू शकतात, पिशवी पुन्हा होऊ शकते. त्यामुळे सर्जनना पहिला प्रश्न हाच: स्नायू कापणार ना?

मानेतून शस्त्रक्रिया केली तर स्नायू कापून पिशवी काढतात किंवा वर टांगून शिवतात. आवाजाच्या नसेला धोका असतो. तोंडातून केली तर पिशवी आणि अन्ननलिका यांच्यातली भिंतच कापतात, तो स्नायू तिच्यातच असतो. बाहेर जखम नाही, माणूस लवकर घरी येतो, पण पुन्हा त्रास होण्याची शक्यता थोडी जास्त. आईची मान मागे वाकत नव्हती, तोंडातून घालायची सरळ, ताठ नळी जाईना, म्हणून लवचीक दुर्बिणीतून केलं. वयस्कर माणसाला जमत असेल तर मी तोंडातूनच म्हणेन, पण पिशवीचा आकार बघून सर्जन काय म्हणतात ते ऐका. (छातीत खाली, छाती-पोटामधल्या पडद्याजवळ असते ती पिशवी वेगळी. तिथे बहुतेकदा अन्ननलिकेच्या हालचालीतच बिघाड असतो, आधी मॅनोमेट्री, म्हणजे अन्ननलिकेतला दाब मोजायची तपासणी, लागते.)

भूल देणाऱ्या डॉक्टरांना पिशवीबद्दल तुम्ही स्वतः सांगा. उपाशी असूनही ती भरलेली असू शकते. गोळ्या अडकत असतील तर पातळ औषध मिळतं का विचारा, सगळ्याच गोळ्या कुटून चालत नाहीत.

आणि शस्त्रक्रियेनंतर ताप आला, छातीत किंवा पाठीत दुखलं, मानेची कातडी दाबल्यावर बोटांखाली चुरचुरली, तर गळती असू शकते. मध्यरात्र असली तरी नर्सला उठवा.