जावई एडिसनला, बहीण मस्कतला, सही कुणापुढे?

प्रश्न : माझी मुलगी अमेरिकन नागरिक आहे. तिने माझ्या आणि पत्नीच्या ग्रीन कार्डासाठी अर्ज केला आहे. पत्नीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यामुळे मुलगी सध्या नाशिकला आमच्याकडे आहे, जावई न्यू जर्सीत एडिसनला. तिचं एकटीचं उत्पन्न कमी पडतं, म्हणून जावयांचंही दाखवायचं आहे. एजंट म्हणतो, आर्थिक हमीपत्र ५०० रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर करून दोघांनी एकाच नोटरीपुढे सह्या केल्या पाहिजेत. शिवाय माझा जन्म १९५१चा, सिन्नर तालुक्यातल्या खेड्यातला, जन्मदाखला नाही. त्यासाठी मोठे चुलतभाऊ आणि मस्कतला मुलाकडे राहणारी थोरली बहीण यांचं एकत्र प्रतिज्ञापत्र करू, बहिणीची सही व्हिडिओ कॉलवर घेऊ, असंही तो सुचवतो. काय करावं? – एक वाचक, नाशिक

उत्तर : काका, मी स्वतः नोटरी आहे, तरी सांगते : हमीपत्रासाठी नोटरीकडे जाऊच नका. हे हमीपत्र म्हणजे अमेरिकन सरकारचा आय-८६४ हा छापील फॉर्म. पूर्वी त्यावर नोटरीपुढे सही करावी लागे; २००६ साली ती अट काढून टाकली. आता सही करणारा ‘यात खोटं असेल तर मी शिक्षेस पात्र’ असं फॉर्ममध्येच लिहून देतो. तुमच्या एजंटकडे जुनी माहिती आहे, आणि स्टॅम्पपेपर तर अमेरिकन सरकारने कधी मागितलेलाच नाही.

जावयांचं उत्पन्न धरायचं असेल तर आय-८६४ए हा जोडफॉर्म लागतो. दोघं नवरा-बायको कर-विवरणपत्र एकत्र भरत असले तरी तो लागतोच, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. त्यात मुलीच्या सहीची जागा वेगळी, जावयांची वेगळी. मुलीने नाशिकला आपल्या पानावर पेनाने सही करावी, जावयांनी एडिसनला आपल्या. पानं स्कॅन करून एकत्र जोडावी. नाव टाइप करून ‘सही’ म्हणून चालत नाही. सगळी पानं फॉर्मच्या एकाच आवृत्तीची आहेत ना, तेवढं तळाशी छापलेली तारीख पाहून तपासा. तुमची आणि काकूंची फाईल वेगळी, म्हणजे संचही दोन. उत्पन्नाची मर्यादा मात्र (अमेरिकन दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के) मोजताना तुम्ही दोघंही कुटुंबात धरले जाल.

जावईबापूंना फॉर्म नीट वाचून मगच सही करायला सांगा. ही जबाबदारी तुम्ही नागरिक होईपर्यंत किंवा तिथे कामाच्या ४० तिमाह्या नावावर जमा होईपर्यंत राहते, आणि घटस्फोट झाला म्हणून संपत नाही. अशुभ बोलते असं वाटेल, पण सही करण्याआधी बोललेलं बरं.

एजंटने न सांगितलेली गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. हमी देणाऱ्याचं कायमचं वास्तव्य अमेरिकेत असावं लागतं. मुलगी नाशिकहून सही करते आहे, तेव्हा ती तात्पुरती आली आहे हे कागदावर दिसू द्या : एडिसनच्या घराचा भाडेकरार किंवा कर्जाची कागदपत्रं, नोकरीतल्या रजेचं पत्र, तिथलं ड्रायव्हिंग लायसन्स, परतीचं तिकीट. फाईल अडते ती अशा ठिकाणी, शिक्क्याअभावी नाही.

आता तुमचा जन्म. इथे नोटरी खरोखर लागते, पण आधी एक काम करा. सिन्नरच्या तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात जुनं कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४, पाहायला मागा. जन्म-मृत्यू नोंदणीचा सध्याचा कायदा आपल्याकडे १ एप्रिल १९७०पासून लागू झाला, पण त्याआधीच्या गावोगावच्या नोंदी या बुकात सापडतात. कधी ‘मुलगा’ एवढंच लिहिलेलं असतं, नाव नसतं. तरी वडिलांचं नाव आणि तारीख मिळाली तर धागा हाती लागतो. नोंद नसेलच तर ‘नोंद आढळत नाही’ असा दाखला घ्या आणि मग प्रतिज्ञापत्रांकडे वळा.

प्रतिज्ञापत्रं दोन करा, एकत्र नको. दोन देशांतल्या दोन माणसांच्या सह्या एका कागदावर घेतल्या तर नाशिकचा नोटरी साक्ष कशाची देणार? आमचा शिक्का एवढंच सांगतो की हा माणूस माझ्यासमोर आला, मी ओळखपत्र पाहिलं, त्याने माझ्यासमोर सही केली. मोबाइलच्या पडद्यावर दिसलेल्या बाईंची सही मी माझ्या रजिस्टरमध्ये कशी घेऊ? अमेरिकेत काही राज्यांनी ऑनलाइन नोटरीला परवानगी दिली आहे (व्हर्जिनियाने २०१२पासून), पण तो त्यांचा कायदा. व्हिडिओवर शिक्का मारून देतो म्हणणारा नोटरी भेटला तर चार हात लांब राहा.

चुलतभावांनी नाशिकला नोटरीपुढे सही करावी. ताईंनी मस्कतच्या भारतीय वकिलातीत आधी वेळ घेऊन, मूळ पासपोर्ट बरोबर नेऊन, तिथल्या अधिकाऱ्यासमोर सही करावी. १९४८च्या कायद्याने आपल्या वकिलातीतल्या अधिकाऱ्याला शपथ देण्याचा आणि नोटरीचं काम करण्याचा अधिकार आहे. घरून सही करून कागद नेऊ नका. तो परत करतील. मजकुरात तुमचं पूर्ण नाव, जन्मतारीख, गाव, आई-वडिलांची नावं आणि ‘मी वयाने मोठी, मला हे स्वतःला माहीत आहे’ असं कारणासकट यावं. आईचं नाव पासपोर्टवर एक आणि गावात दुसरं असेल तर दोन्ही लिहा. मूळ कागद कुरिअरने मागवून मुंबईच्या अमेरिकन वकिलातीतल्या व्हिसा-मुलाखतीला बरोबर ठेवा. या प्रतिज्ञापत्रांना अपोस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणून सरकार करतं ते प्रमाणीकरण) लागत नाही, त्याचे पैसे कुणी मागितले तर देऊ नका.

हे सगळं अमेरिकेपुरतं. मुलगा जर्मनीत असलेल्या वाचकांनी याच्यावर विसंबू नये : तिथे आई-वडिलांची हमी घेणाऱ्याला स्वतः परदेशी नागरिक कार्यालयात जाऊन सही करावी लागते, भारतातल्या नोटरीचं हमीपत्र त्या जागी चालत नाही, आणि मूळ प्रत व्हिसा अर्जाला जोडण्यासाठी इकडे पाठवावी लागते.