अण्वस्त्र धोरणावर धर्माचा खरंच परिणाम होतो, की तो नुसता देखावा असतो?

होतो. पण तो ओळखायला धर्मग्रंथ चाळून फारसं हाती लागत नाही. धर्मगुरू सत्तेच्या किती जवळ आहेत, ते आधी बघावं.

ख्रिस्ती धर्माचंच घ्या. रशियातलं सारोव हे संत सेराफिम यांच्या मठाचं गाव. सोव्हिएत राजवटीने मठ बंद पाडला आणि १९४६ साली तिथेच अणुबॉम्बची प्रयोगशाळा थाटली. गाव नकाशावरूनच गायब झालं! पुढे सोव्हिएत संघ कोसळला, प्रयोगशाळांचा पैसा आटला, तेव्हा रशियाचं ऑर्थोडॉक्स चर्च तिथल्या शास्त्रज्ञांच्या पाठीशी उभं राहिलं. आज तेच सेराफिम रशियाच्या अण्वस्त्रांचे संरक्षक संत मानले जातात आणि पाद्री क्षेपणास्त्रांवर पवित्र पाणी शिंपडतात. २०२० मध्ये चर्चच्याच एका मसुद्यात महासंहारक अस्त्रांना आशीर्वाद देणं थांबवावं, असं सुचवलं होतं. म्हणजे आतही सगळ्यांना हे पटत होतं असं नाही.

उलट व्हॅटिकनकडे ना क्षेपणास्त्रं, ना निवडणुका. १९८२ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी धाक म्हणून अण्वस्त्रं बाळगणं तूर्तास चालवून घेतलं, तेही निःशस्त्रीकरणाकडे वाटचाल होत असेल तरच. २०१७ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी नुसतं बाळगणंही निषिद्ध ठरवलं आणि व्हॅटिकनने अण्वस्त्रबंदी करारावर सही केली. नाटोतल्या एकाही देशाने मात्र केली नाही.

भारताची १९७४ ची अणुचाचणी ‘स्मायलिंग बुद्ध’ (हसरा बुद्ध) या नावाने ओळखली जाते, तर पाकिस्तानचे नेते झुल्फिकार अली भुट्टो यांनी इस्लामी जगाच्या बॉम्बची भाषा केली. माझ्या मते ही वरची सजावट. खरी कारणं चीनची १९६४ ची चाचणी आणि पाकिस्तानचा १९७१ चा पराभव.

सगळ्यात अवघड प्रकरण इराणचं, कारण तिथे धर्मगुरूच सर्वोच्च नेता. अण्वस्त्रं हराम असल्याच्या, तेव्हाचे सर्वोच्च नेते अली खामेनी यांच्या फतव्याचा हवाला इराणने २००५ मध्ये आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेपुढे दिला. पण फतवा देणाऱ्याला तो बदलताही येतो. २०२१ मध्ये इराणच्याच गुप्तचर मंत्र्यांनी सुनावलं होतं की कोंडीत सापडलेलं मांजर वेगळं वागू शकतं. इराणशी वाटाघाटी करणाऱ्यांना याची कल्पना आधीपासून असावी. ओबामांनी २०१३ च्या भाषणात फतव्याचा उल्लेख केला खरा, पण इराणशी झालेल्या २०१५ च्या अणुकरारात नतान्झच्या अणुकेंद्रात ५०६० सेंट्रिफ्यूज (युरेनियम समृद्ध करणारी यंत्रं), युरेनियम ३.६७ टक्क्यांपर्यंतच समृद्ध करायचं आणि निरीक्षकांना तपासणीची मुभा, अशी मोजून बघता येणारी कलमं घातली.